लाल घराचा रंग कोणता? आणि वसईतल्या घराचा?

संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा हे शिकायचं असेल, तर कारिन फ्रीडेल आन्तेर यांचा प्रबंध जरूर चाळा. स्टॉकहोमच्या के.टी.एच. या तंत्रविद्यापीठातला, साल २०००. शीर्षकच प्रश्न आहे: लाल घराचा रंग कोणता?

पोरकट वाटतो ना? आता समजा, वसईत घर रंगवायला काढलंय. शेड कार्डवर तुम्ही मंद पिस्ता निवडलात. भिंतीवर चढल्यावर रस्त्यावरून बघता, तर भलताच हिरवा! पेंटर म्हणतो, "बोट तुम्हीच ठेवलं होतं." खोटं कुणीच बोलत नाहीये. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना 'रंग' म्हणताय.

आन्तेर नेमकं इथेच बोट ठेवतात. एक भिंतीचा अंगचा रंग. तो नमुन्याची पट्टी भिंतीला टेकवून ठरवता येतो. दुसरा दिसणारा रंग. तो अंतर, प्रकाश, हवा यांनुसार बदलतो. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा, की लांबून दिसणारा रंग अंगच्या रंगापेक्षा साधारणपणे कमी काळपट आणि जास्त भडक वाटतो. म्हणजे फरक कसाही पडत नाही, त्याला दिशा आहे. म्हणूनच तो उपयोगी पडतो: कार्डवर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी शांत छटा घ्या. प्रबंधाची ताकद या फरकात आहे.

आता मर्यादा. निरीक्षणं स्वीडनच्या प्रकाशातली आहेत. आपलं डोक्यावरचं ऊन वेगळं, त्यामुळे दिशा तीच राहिली तरी फरक तेवढाच पडेल असं गृहीत धरू नका. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या मांडणीत अंगचा रंग हा स्थिर मापदंड आहे. वसईत तोच हलतो. जून ते सप्टेंबर भिंत ओली, म्हणून गडद. छज्जाखाली काळे ओघळ, सावलीच्या बाजूला शेवाळ. दोन पावसाळ्यांनी पट्टी टेकवलीत तर उत्तर बदलेल. तेव्हा इथे नोंदीत तारीख आणि भिंतीची दिशा नसेल, तर ते माप अर्धवट.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण वसईच्या ख्रिस्ती गावांतल्या रंगीत घरांवर काम करायचं अनेकांच्या मनात येतं. पद्धत ठरलेली: मोबाइलवर फोटो काढायचे, त्यातून रंगाचा कोड उचलायचा आणि लिहायचं, 'पोर्तुगीज वारसा'. पण मोबाइल स्वतःच रंग सुधारून देतो. तो कोड ना अंगचा रंग, ना डोळ्याला दिसलेला. शिवाय पोर्तुगीज सत्ता इथे १५३४ ते १७३९ होती आणि भिंतीवरचा थर फार तर काही वर्षांचा. वारसा असेलही, पण तो दाखवायला जुने थर खरवडून बघावे लागतील, जुने फोटो शोधावे लागतील, शेजारच्या हिंदू घरांशी तुलना करावी लागेल. आणि घरच्यांना विचारावं लागेल, की हाच रंग का? उत्तर कदाचित 'दुकानात तोच शिल्लक होता' असंही निघेल. तेही लिहून घ्या. गृहीतकाच्या आड येणारी नोंद वहीतून गाळू नका.

प्रबंध वाचाच. आधी 'रंग म्हणजे काय' ते ठरवलं, मग मोजलं. आपण बहुतेक उलटं करतो.