मुलाम्याखालचा कॅमेरा

पुस्तकाला रेशमी बांधणी केली म्हणून आतली कविता सुधारत नाही, हे रसिक वाचकांस सांगावयास नको. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. संग्राहकांसाठी काढलेल्या छोट्या फिल्म-कॅमेऱ्यांच्या 'विशेष आवृत्त्या' पाहिल्या म्हणजे याची प्रचीती येते.

जर्मनीतला 'रोलाय ३५' घ्या. हाइन्त्स वास्के यांनी रचलेला हा कॅमेरा १९६६ साली लोकांपुढे आला. ३५ मिलिमीटर फिल्मवर पूर्ण आकाराचे चित्र घेणारा, आणि तरीही कोटाच्या खिशात मावणारा! भिंगाची नळी काम संपताच आत ढकलावयाची. फ्लॅशची बैठक चक्क तळाशी, फिल्म सरकविण्याचा खटका डाव्या हाताला. ही सारी विचित्रता लहानपणाच्या गरजेतून आली, म्हणूनच ती शोभते. पुढे, १९७० च्या सुमारास, याच कॅमेऱ्यावर सोन्याचा मुलामा चढवून मोजके नग काढले गेले. भिंग तेच, शटर तेच. छायाचित्रात एका किरणाचीही भर पडली नाही.

जपानच्या ऑलिंपस कंपनीचा १९८८ चा 'ओ-प्रॉडक्ट' निराळ्या जातीचा. नाओकी साकाई यांच्या कल्पनेतून उतरलेला हा ॲल्युमिनियमचा देह, नग २०,०००. आतली यंत्रणा मात्र कंपनीच्या नेहमीच्या साध्या प्लास्टिक कॅमेऱ्याचीच. तरीही मी झुकते माप यालाच देईन. मुलामा जुन्याच रूपावर श्रीमंती थापतो. साकाईंनी निदान कॅमेऱ्याचे रूप कसे असावे, हा प्रश्न नव्याने विचारला.

पण दोघांच्या कपाळी लिहिलेले एकच: पेटीतला बंदिवास. एक ओरखडा उमटला की किंमत उतरते. म्हणून मालक त्यात फिल्मच घालीत नाही. आणि गंमत अशी, की रोलायसारख्या यांत्रिक कॅमेऱ्याला ही विश्रांतीच बाधते. वापराविना शटरमधले वंगण घट्ट होते, पाती रेंगाळू लागतात. तिजोरीतला दागिना वर्षानुवर्षे तसाच राहतो. तिजोरीतला कॅमेरा आतून मरत असतो.

म्हणून माझा कौल कडांचा रंग उडालेल्या साध्या रोलायला. त्याने माणसे पाहिली आहेत. तुमच्याही कपाटात असा एखादा यांत्रिक कॅमेरा असेल, तर या दिवाळीत त्यात फिल्म भरा आणि घरची मंडळी अंगणात उभी करा. त्याची खरी विशेष आवृत्ती तीच.