कुलपाआडच्या तीन सुरया

भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा एक जुना बंगला काही वर्षांपूर्वी पाडला गेला. दारे-खिडक्या, कौले आणि सागवानी तुळया ठेकेदाराने आधीच विकल्या होत्या. उरलासुरला माल लोणावळ्यातल्या एका भंगारवाल्याकडे आला आणि नेहमीप्रमाणे त्याने मला निरोप धाडला. त्या ढिगात ओकच्या लाकडाची एक चौकट होती. तिच्यात पैलू पाडलेल्या जाड काचेच्या तीन चौकोनी सुरया बसवल्या होत्या. सुरयांच्या काचेच्या बुचांवरून एक आडवी दांडी गेलेली आणि दांडीला कुलूप. किल्ली नव्हती. भंगारवाल्याने फक्त लाकडाचा भाव लावला. मी तो दिला आणि चौकट घरी आणली.

इंग्रजीत या वस्तूला टँटलस म्हणतात. ग्रीक पुराणातल्या टँटलस राजाला अशी शिक्षा होती, की पाण्यात उभे राहायचे. पण प्यायला वाकले की पाणी ओसरून जायचे. ही कुलूपबंद चौकट लंडनच्या बेटजेमन पेढीने १८८१मध्ये पेटंट घेऊन प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडचे राजकवी झालेले जॉन बेटजेमन याच घराण्यातले. घरचा हा धंदा चालवायला मात्र त्यांनी नकार दिला. चौकटीची रचना साधी आहे. ब्रँडी, व्हिस्की, शेरी, जे काही असेल ते चारही बाजूंनी दिसते, पण दांडी हलल्याशिवाय बूच निघत नाही. पेय लपवायचे असते तर कपाट पुरले असते. इथे ते दाखवायचे होते, आणि कोणाला तरी त्यापासून दूरही ठेवायचे होते.

संग्राहकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत या ‘कोणाला तरी’चे उत्तर एका शब्दात असते : नोकरांना. तेवढे सांगून पुस्तके काचेच्या पैलूंकडे आणि चांदीवरच्या छापांकडे वळतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

लोणावळ्यात नोकर म्हणजे कोण, हे आम्हाला विचारावे लागत नाही. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली आणि खंडाळा-लोणावळ्याचे रूप पालटले. भुशीचे धरणही रेल्वेनेच बांधले, वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून. रेल्वेमागोमाग गोरे अधिकारी आले, मुंबईचे पारशी आणि इतर धनिक आले, त्यांचे बंगले उठले. त्या बंगल्यांवर पाणी भरायला, बाग राखायला, भांडी घासायला मावळातली माणसे लागली. माझी आजी भुशीची. तरुणपणी तीही अशाच एका बंगल्यावर कामाला जायची. कुलूप लावलेल्या काचेच्या बाटल्या पुसायचे काम तिच्याकडे होते. किल्ली बाईसाहेब स्वतःजवळ ठेवायच्या. आजी सांगायची, “आमाला वाटायचं, त्यात औषध असंल.” मी आणलेली चौकट तिने पुसलेलीच आहे, असे म्हणायला काहीही आधार नाही. पण तिच्यासारख्या कोणीतरी ती रोज पुसली असणार. कुलूप जिच्यासाठी होते, तीच त्याची पितळ चकचकीत ठेवत होती.

काचकामाचा आणि चांदीचा अभ्यास मी गुरूविना, चुका करत केला. पहिली चूक हास्यास्पद होती. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मला साखळी लावलेली चांदीची एक छोटी पट्टी मिळाली. तिच्यावर रोमन लिपीत ‘मडीरा’ कोरले होते. कोणा हौशी साहेबाने आपला ‘मदिरा’ शब्द उचलला, असे समजून मी महिनाभर खूश होतो. ते प्रत्यक्षात पोर्तुगीजांच्या मडीरा बेटावरच्या वाइनचे नाव होते. उष्ण कटिबंधातल्या लांबच्या सागरी प्रवासात ही वाइन बिघडण्याऐवजी सुधारते, म्हणून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांत तिला मोठी मागणी असे. सुरईत ओतलेल्या पेयाची ओळख पटावी म्हणून अशा पट्ट्या तिच्या गळ्यात अडकवत. १८६०नंतर इंग्लंडात कागदी लेबल लावलेल्या सुट्या बाटल्या दुकानांत मिळू लागल्या आणि या पट्ट्यांची गरज संपत गेली.

वाइन सुरईत ओतण्याला कारण होते. तिच्यात गाळ असतो. तो बाटलीत राहावा म्हणून वरचे नितळ पेय हलकेच सुरईत घेत. ब्रँडी ऊर्ध्वपातनाने होते, तिच्यात गाळ नसतो. म्हणजे ब्रँडीची सुरई गरजेपेक्षा मिरवण्यासाठीच होती. ब्रँडी तापवायचे आडव्या दांड्याचे चांदीचे भांडे किंवा वास कोंडून धरणारा, मोठ्या पोटाचा आणि आवळल्या तोंडाचा पेला, यांना निदान काही काम तरी होते.

दुसऱ्या चुकीवर मला हसता येत नाही. सुरुवातीच्या काळात चांदीचा एक छोटा प्याला हाती आला, काळवंडलेला. मी तो एका कारागिराकडून यंत्रावर उजळून घेतला. प्याला आरशासारखा झाला. नंतर उजळण्यापूर्वी काढलेला फोटो नीट पाहिला, तर तळाशी पुसट कोरीव अक्षरे होती. कोणाचे तरी नाव, कदाचित भेट देण्याचा प्रसंग. तो मजकूर मी पैसे देऊन पुसून टाकला होता. इंग्लंडच्या चांदीवर सिंहाचा छाप असतो. शिवाय बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनचे चित्त्याचे मुख, आणि वर्षाचे अक्षर. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे दिसली तर ती चांदी नव्हे, चांदीचा मुलामा. आपल्याकडच्या जुन्या चांदीला असा कायद्याचा छाप नाही. पुण्याच्या हिरप्पा बुचेनासारख्या मोजक्या कारागिरांची नावे टिकली. बाकीचे केवळ हाताच्या वळणावरून ओळखायचे. अशा चांदीवर मालकाचे नाव हाच एकमेव दस्तऐवज असतो. चमक वाढली की बाजारभाव वाढतो, आणि तो दस्तऐवज जातो.

इंग्रजी पुस्तकांनी वापरणाऱ्याला वगळले, हे खरे. पण मराठीत तरी आपण भांड्याकडे पाहिले का? आपल्याकडे चांदीचे पेयपात्र म्हणजे पाण्याचे : फुलपात्र, तांब्या, पेला, तान्ह्यासाठी बोंडले. दारूच्या भांड्याचे नाव घेणारी आपली सर्वांत मोठी कृती म्हणजे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले. नाटक त्यानंतर महिन्याभराने गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगभूमीवर आणले. या नाटकावर गेल्या शंभर वर्षांत उदंड लिहिले गेले : सिंधूचे पातिव्रत्य, सुधाकराचा अहंकार, तळीरामाचा विनोद. प्याला मात्र सर्वांनी प्रतीक म्हणून वाचला. तो काचेचा की धातूचा, कोणी आणला, घरात कुठे ठेवला जाई, कोणी विसळला, हे प्रश्न समीक्षेला क्षुल्लक वाटले.

मला ते क्षुल्लक वाटत नाहीत. सनद काही काळापुरती गेलेला वकील आपला पहिला प्याला तळीरामाच्या हातून घेतो. तळीराम त्याच्या पदरचा माणूस. साहेबाच्या बंगल्यात नोकराच्या भीतीने दारूला कुलूप. गडकऱ्यांच्या नाटकात मालकाला दारू पाजणारा नोकरच. दोन्हीकडे संशयाचे बोट एकाच दिशेला जाते. ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशांना आपण मनमुराद हसतो, पण ज्या घरात सिंधू दळण दळते त्या घरात तो प्याला विसळण्याचे काम कोणाचे, हे हसताना आठवत नाही. गडकऱ्यांच्या प्रतिभेबद्दल मला शंका नाही. आक्षेप आहे तो प्याल्याला फक्त नीतिपाठ करून टाकणाऱ्या आपल्या वाचनसवयीला.

या सवयीमुळे मराठी घरातल्या ब्रँडीची खरी नोंदच झाली नाही. आपल्या घरांत ब्रँडी आली ती औषध म्हणून. सर्दीने छाती भरलेल्या मुलाला कोमट पाण्यातून चमचाभर, बाळंतिणीला थंडी वाजली की थोडीशी. तिचे भांडे म्हणजे चमचा आणि तिची जागा फडताळात, काढ्याच्या बाटलीमागे. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५०पासून बंदी पूर्ण झाली. पिण्यासाठी परवाना लागू लागला. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मद्यार्क असलेल्या औषधी द्रव्यांवरची बंदी अवैध ठरवली. औषध आणि दारू यांच्यातली जी सीमा फडताळात रोज ओलांडली जात होती, तिच्यावर न्यायालयात खल झाला. कुलूप आता घरात नव्हते, ते सरकारकडे गेले होते. तो चमचा कोणत्याही संग्रहात नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या युरोपीय कलावस्तू पाहताना डोळे निवतात. तिथली निवड सौंदर्याची आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, दुसरी वाट धरली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावे त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू हजारोंनी जमवल्या आणि १९७५मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्त्यातही माणसाचे घर दिसते, हे त्यांनी दाखवले. पेयपात्रांच्या संग्राहकांनी, माझ्यासह, ती नजर घेतली नाही. आपण छाप मोजत बसलो.

आता थोडे व्यवहाराचे. अशा सुरया कोणाकडे असतील तर त्यांत पेय साठवू नका. पैलूदार जड काचेत शिसे असते. १९९१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी मोजमापे दिली होती : पाच वर्षांहून अधिक काळ अशा सुरईत राहिलेल्या ब्रँडीत लिटरमागे सुमारे २०,००० मायक्रोग्रॅम शिसे उतरले होते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा त्या कुलपाने कामवाल्या माणसांचे नकळत रक्षणच केले असेल. मालकांचे मात्र नाही.

चौकटीला नवी किल्ली करून देतो, असे एक कुलूपवाला म्हणाला. मी नको म्हटले. पितळही घासलेली नाही. शेजारी एक कार्ड ठेवले आहे. त्यावर मिळाल्याचे ठिकाण, लाकूड, काच आणि मापे लिहिली आहेत. शेवटची ओळ ‘पुसणारी व्यक्ती’ अशी आहे, आणि तिच्यापुढची जागा रिकामी आहे. खंडाळा, लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथल्या बंगल्यांवर ज्यांच्या आई-आजींनी काम केले, त्यांपैकी बऱ्याच बाया आज ऐंशी-नव्वदीत आहेत. सुरया आणखी शंभर वर्षे टिकतील. या बायांना विचारायला फार वेळ उरलेला नाही. आपल्या घरात अशी कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाला बसल्यावर तिला विचारा, कपाटाची किल्ली कोणाकडे असायची, आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.