संशय कुणाचा घ्यायचा?
(नरसिंहपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय मुलांच्या रहस्यकथांचा. जुन्या झालेल्या रहस्यकथा नव्या मुलांच्या हातात देताना त्यात बदल करावेत का, आणि करायचे तर कोणते?

सुरुवात आपल्या फास्टर फेणेपासून करू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा. शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, राहायला होस्टेलवर. अंगाने काडी, पायाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. नरसिंहपूरहून इंदापूरला, बारामतीला नाहीतर पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोरांना हा मुलगा परका वाटायचं कारण नाही. गावाचं नाव नावाला चिकटलेलं, आणि त्याची लाज मात्र अजिबात नाही.

आता गंमत बघा. पुस्तकातली फुरसुंगी म्हणजे पुण्याबाहेरचं गाव. ऑक्टोबर २०१७मध्ये ती पुणे महापालिकेत गेली, आणि पुढे तिथे वेगळी नगरपरिषद झाली. मधल्या काळात कचरा डेपोच्या बातम्यांमुळे ते नाव राज्यभर माहीत झालं. भागवतांच्या मजकुरातलं एक अक्षर न बदलता ‘फुरसुंगी’ या शब्दाचा अर्थ बदलला. म्हणजे संपादकाने हात लावो न लावो, काळ आपलं काम करतच असतो.

तर मग माणसांनी काय करावं? बाहेर काय झालं ते पाहू. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा इंग्लंडमधल्या प्रकाशकांनी २०१०मध्ये आजची केली. आई-वडिलांना हाक मारायचे शब्दसुद्धा बदलले. मुलांना ते रुचलं नाही, आणि २०१६मध्ये प्रकाशक जुन्या मजकुराकडे परत गेले. माझ्या मते हे होणारच होतं. जुना शब्द, तार, ट्रंककॉल यांनी मूल अडत नाही. उलट रहस्यकथेत ही साधनं म्हणजे गोष्टीची यंत्रणा असते. फेणेच्या खिशात मोबाइल घाला. तो सायकल कशाला हाणेल? एक फोन केला की गोष्ट दुसऱ्या पानावर संपली!

पण सगळंच असं निरुपद्रवी नसतं. रहस्यकथा मुलांना एक गोष्ट फार मन लावून शिकवते, ती म्हणजे संशय घ्यायला. आणि खरा प्रश्न तिथे आहे: संशय कुणाचा? ब्लायटनच्या नॉडीची गाडी चोरणारे ‘गोलिवॉग’, म्हणजे काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या बाहुल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी गॉब्लिन आले. कितीतरी जुन्या गोष्टींत गावात नवखा, सावळा, फाटक्या कपड्यांचा, पालावर राहणारा माणूस दिसला की वाचकाने त्याच्याकडेच बोट दाखवावं अशी रचना असते.

आपल्याकडे हे नुसतं पुस्तकी नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. त्या जाचातून १९५२मध्ये त्या विमुक्त झाल्या, कागदावर. आजही चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालाकडे बघितलं जातं, हे आपल्या या तालुक्यांत कुणी कुणाला सांगायला नको. त्या पालावरचं पोरगं शाळेत येतं, वाचनालयातलं पुस्तक उघडतं, आणि चोर कोण, तर त्याच्या बापासारखा दिसणारा माणूस! त्या पोराला ‘तो काळच तसा होता’ असं सांगून भागेल का? नाही भागणार.

मग काढून टाकावं? तिथेही फसगत आहे. अमेरिकेतल्या ‘नॅन्सी ड्रू’च्या पुस्तकांचं १९५९पासून पुनर्लेखन झालं. वर्णद्वेषी चित्रणं गेली; पण ती काढताना पुष्कळ ठिकाणी काळी माणसंच पुस्तकातून नाहीशी झाली. अपमान गेला, अन् माणूसही गेला. याला मी सुधारणा म्हणणार नाही.

तिसरी वाट २०१७च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटाने दाखवली. पुस्तकांना धक्का लावला नाही. नवी गोष्ट रचली. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा शोधतो. रस्त्यावर वाढलेला भूभू त्याच्या बाजूचा, आणि स्वतः भागवत, म्हणजे दिलीप प्रभावळकर, गोष्टीतलं एक पात्र. चित्रपट काही ठिकाणी ढोबळ आहे, खलनायक भडक आहे. पण संशयाची दिशा त्याने बरोबर फिरवली. पालाकडून नव्हे, तर मुलांच्या भविष्याचा बाजार मांडणाऱ्या पैशाकडे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. सायकल, तार, चौकड्यांचा शर्ट यांना हात लावू नका. एखाद्या जमातीला चोर ठरवणारी ओळ असेल, तर लहान मुलांच्या आवृत्तीत ती जरूर बदला. मात्र बदलली आहे हे पहिल्या पानावर सांगा. मोठ्या मुलांना मूळ मजकूर द्या आणि सोबत बसा. पुस्तक मिटलं की एक प्रश्न विचारा: “तुला आधी कुणाचा संशय आला होता? का रे आला?”

या ‘का’चं उत्तर शोधताना मूल लेखकाला पकडेल, कदाचित स्वतःलाही, आणि कधीतरी आपल्यालाही. त्याची तयारी मात्र आपण मोठ्यांनी ठेवायला हवी.