विश्रामबागवाडा : वास्तू, वापर आणि अर्थ

कोथरूडच्या नव्या इमारतींच्या आणि भोजनगृहांच्या पाट्यांवर 'वाडा' हा शब्द अलीकडे वारंवार दिसतो. तेथे चौक नसतो, ओसरी नसते. असते ती केवळ वैभवाची आठवण. वास्तविक हा शब्द मुळात वैभवाचा नव्हे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, त्यापासून 'वाडा'. गुरांचा वाडा, कुंभारवाडा आणि सरदाराचा वाडा हे तिन्ही अर्थ त्यातूनच निघाले. फ्रेंच 'ओतेल' या शब्दाची गतीही अशीच आहे. सरदाराच्या नगरातील निवासस्थानाचे ते नाव; मराठीत मात्र 'हॉटेल' म्हणताच चहाफराळ आठवतो. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून नव्हे, तर वापरावरून ठरतो, हे आपण वर्गात शिकवतो. वास्तूंविषयी बोलताना मात्र तेच विसरतो. पुण्याचा विश्रामबागवाडा हे याचे ठळक उदाहरण होय.

दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेला हा वाडा १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने पुणे सोडले. म्हणजे पेशव्याचा निवास फार तर दहा वर्षांचा. पुढील दोन शतके वाडा इतरांच्या उपयोगात आहे. तरीही त्याचे वर्णन 'पेशव्यांचा वाडा' एवढ्यावरच संपते. व्युत्पत्तीलाच अर्थ मानण्याचा जो दोष शब्दार्थाच्या विवेचनात आढळतो, तोच येथे वास्तूच्या बाबतीत घडतो.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवाईत विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून तिचा खर्च चाले. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी मेजर टॉमस कँडी यांच्याकडे पुढे तिची देखरेख आली. मराठी व्याकरणाचा मार्मिक विचार करणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. १८५१ मध्ये तिचे रूपांतर पूना कॉलेजात झाले. त्याला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्यास गेले. भाषाशास्त्राच्या अध्ययनासाठी आज ख्यात असलेल्या या संस्थेचे मूळ या वाड्याच्या दिवाणखान्यांत आहे, हे आपल्याच विषयाच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

तथापि या पर्वाचाही केवळ गौरव करून भागणार नाही. प्रारंभी पाठशाळेचे दार फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना उघडे होते. राजाचा वाडा विद्येचा झाला, पण सर्वांचा झाला नाही. १८७९ च्या आगीत वास्तूची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर ती पुन्हा वापरात आली. विसाव्या शतकात येथे नगरपालिकेची कचेरी आली, १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि कालांतराने कचेरी शिवाजीनगरास हलली. कर भरणारा, तक्रार घेऊन येणारा, अर्ज देणारा सामान्य पुणेकर सुरूच्या आकाराच्या त्या सागवानी खांबांखालून हक्काने आत गेला, तो या काळात. कलेच्या दृष्टीने हे पर्व रुक्ष म्हणता येईल. परंतु दार कोणासाठी उघडले, या दृष्टीने पाहता ते सर्वांत महत्त्वाचे ठरते.

म्हणून जतनाचा प्रश्न केवळ लाकूडकामाचा नाही. 'मूळ स्वरूप' परत आणण्याच्या भरात नंतरच्या खुणा पुसल्या, तर आपण दहा वर्षे राखू आणि दोनशे वर्षे गमावू. पॅरिसच्या 'ओतेल कार्नाव्हाले' या सरदारी घरात १८८० पासून त्या नगराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. तेथे घर एका कुळाचे न राहता नगराचे झाले. विश्रामबागवाड्याच्या बाबतीत तसे होण्यासाठी बाजीरावाच्या नावाशेजारी पाठशाळेचे शास्त्री, तिच्या दाराबाहेर राहिलेले विद्यार्थी आणि कचेरीत खेटे घालणारा नागरिक या सर्वांची नोंद तेथे व्हावयास हवी. कोशकार शब्दाचा एकच अर्थ देऊन थांबत नाही. वास्तूचा अर्थ सांगणाऱ्यानेही थांबू नये.