चष्म्यावर चष्मा

थ्रीडी सिनेमा पाहायचा म्हणजे माझ्यासारख्या चष्मिष्टाला चष्म्यावर चष्मा चढवावा लागतो. पिक्सारचा 'अप' (२००९) मी असाच, नाक सांभाळत पाहिला. म्हातारा कार्ल फुगे बांधून अख्खं घर उडवतो, तेव्हा खालचं शहर खरोखर खोल जातं; पोटात गोळा येतो. तिकिटाचे जादा पैसे तिथे वसूल! पण त्या काळसर काचा उजेड खातात, आणि फुग्यांचे रंग चार धुण्यांत विटल्यासारखे दिसतात.

खरा सिनेमा मात्र त्याआधीच होऊन गेलेला असतो. कार्ल आणि एली धबधबा पाहायला जायचं म्हणून बरणीत पैसे साठवतात. कधी टायर बसतो, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी छपरावर झाड पडतं. दर वेळी बरणी फोडावी लागते. संवाद एक नाही. आमच्याही कपाटात 'काश्मीर'चा डबा होता, तो घरदुरुस्तीत संपला. डोळे पुसायला मी दोन्ही चष्मे काढले. पडद्यावर एकाचे दोन कार्ल, दोघेही धूसर. तरी हुंदका यायचा तो आलाच!

थ्रीडीने घर उंच गेलं, कबूल. पण ते आपलंच घर आहे, हे कळायला ती लागत नाही. निघताना दारात चष्मे परत घेतले. आवंढा तेवढा घरापर्यंत सोबत आला.