लवचिक मार्ग : एका संज्ञेची तपासणी

सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात 'लवचिक मार्ग' ही संज्ञा अलीकडे फार सढळपणे योजली जाते. आणि चालकविरहित सामायिक वाहनांचा उल्लेख आला की तिचा अर्थ तपासण्याची गरजच कोणास वाटेनाशी होते. या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांचा मोठा आधार म्हणजे आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाचा लिस्बनविषयक अहवाल (२०१५). शहरातील दहांपैकी नऊ मोटारी अनावश्यक ठरतील, हा त्यातील निष्कर्ष सर्वतोमुखी झाला. त्याच्या अटी मात्र तितक्या आस्थेने वाचल्या गेल्या नाहीत.

अट अशी की, भुयारी रेल्वे चालू राहावी आणि अनेक प्रवाशांनी एकाच वेळी एका वाहनात बसावे. एवढे होऊनही मोटारींची एकूण धाव ६ टक्क्यांनी वाढते. कारण या वाहनांना खाजगी मोटारींबरोबर बसगाड्यांचेही काम करावे लागते. रेल्वे वगळली आणि प्रवासी एकामागून एक, एकेकटे बसू लागले, तर ही वाढ ८९ टक्क्यांवर जाते. मोटारींची संख्या घटणे आणि रहदारी घटणे या भिन्न गोष्टी होत. अहवालकर्त्यांनी हा भेद लपविलेला नाही. तो पुसला त्यांच्या भाष्यकारांनी.

गोंधळाचे मूळ 'सामायिक' या शब्दात आहे. अहवालातील दोन्ही व्यवस्थांना तो लावला जातो. मुंबईचा प्रवासी या बाबतीत अधिक काटेकोर म्हणावा लागेल. एक उतरल्यावर दुसरा बसतो एवढ्यावरून तो साध्या टॅक्सीला 'शेअर टॅक्सी' म्हणत नाही.

मंचाच्या २०१६ च्या दुसऱ्या अहवालात गर्दीच्या वेळची धावही ३७ टक्क्यांनी घटलेली दिसते. परंतु तेथे सामायिक टॅक्सीच्या जोडीला आठ व सोळा आसनांच्या गाड्या आहेत, त्यांची मागणी अर्धा तास आधी नोंदवायची आहे आणि थांब्यापर्यंत चालत जायचे आहे. मार्गाची लवचिकता जेथे आवरली, तेथेच लाभ पदरात पडला, हे लक्षणीय होय.

हेलसिंकीत २०१२ साली सुरू झालेली 'कुत्सुप्लुस' ही नऊ आसनी गाड्यांची सेवा (फिनिश भाषेत 'कुत्सु' म्हणजे बोलावणे) खर्चापायी २०१५ च्या अखेरीस बंद पडली. चालकाचे वेतन वाचले असते तर ती टिकली असती, हा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हे. मात्र वेतन वाचल्याने वळसे सरळ होत नाहीत. प्रत्येक नव्या बोलावण्यासाठी गाडी वळते, आणि त्या वळणाची किंमत आधीच आत बसलेला प्रवासी आपल्या वेळाने मोजतो. मार्गरचनेच्या गणितात हा वेळ बहुधा सरासरीत विरून जातो. ज्याला ठराविक घटकेला कामावर हजर व्हायचे आहे, त्याला सरासरीचा उपयोग नाही. त्याला हवी असते वेळेची निश्चिती. स्थिर मार्गावरील थांबा ती काही अंशी देतो, आणि हातात फोन नसलेल्यालाही देतो.