आसाचे दोन पाठ

जीएमसीच्या अडीच टनी लष्करी ट्रकचे घराणे ओळखायचे असेल, तर त्याच्या तोंडासमोर उभे राहून फारसे काही हाती लागत नाही. खाली वाकावे लागते. मागच्या आसाचा मधला फुगीर भाग पाहावा. तो मधोमध उभा चिरून पुन्हा जोडल्यासारखा दिसला आणि सांध्याभोवती बोल्टांची गच्च ओळ असली, तर तो ‘स्प्लिट’. एकसंध गोल कडे, आणि त्यात समोरून बसवलेला गिअरांचा संच असेल, तर तो ‘बँजो’. आपल्याकडे बेंजो म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतले, बटणे दाबून वाजवायचे लांबट वाद्य आठवते. इथे मनात आणायचे ते अमेरिकी बँजो: गोल पोट आणि त्याला लांब मान.

या ट्रकचे नाव सीसीकेडब्ल्यू. कानाला ही निरर्थक अक्षरे वाटतात, पण प्रत्येकाला अर्थ आहे. पहिला सी १९४१ सालच्या आराखड्याचा, दुसरा नेहमीच्या पद्धतीच्या केबिनचा, के म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर आणि डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही आस चालते. हे नाव म्हणजे यंत्राचा अन्वयच. अक्षरे उलगडली की गाडीच्या पोटात किती शाफ्ट कुठे जातात, हे न पाहता सांगता येते.

दुसऱ्या महायुद्धात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक बनले. आधीच्या गाड्यांना टिमकेन-डेट्रॉइटचे स्प्लिट आस होते. पण त्याच टिमकेनचे आस स्टुडबेकरच्या लष्करी ट्रकलाही लागत होते आणि मागणी तर थांबायला तयार नव्हती. मग जनरल मोटर्सने स्वतःच्या घरचा बँजो आस आणला. एकाच कृतीचे दोन पाठ एकाच वेळी चालू झाले, आणि दोन्ही अधिकृत. सैन्याने त्यांत डावे-उजवे केले नाही. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ ही ट्रकांची रसदवाहतूक धावली. ऐन भरात जवळपास ६,००० गाड्या रस्त्यावर होत्या आणि सुमारे तीन-चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. आघाडीवर पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणाऱ्या त्या माणसांना खालचा आस कोणत्या घराण्याचा, हे बघायला वेळ कुठला! आसामातल्या लेडोहून चीनकडे निघालेल्या रस्त्यावरही हेच अडीच टनी ट्रक चिखल तुडवत गेले.

आज ते हौशी जतनकर्त्यांच्या हाती आहेत. दर जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगतच्या गावांत ते रांगेने दिसतात. त्यांतल्या एखाद्याचा आस गंजून पोखरलेला निघतो, क्राउन गिअरचे दात उडालेले असतात, आणि मालकाला आस बदलावा लागतो. हे काम मला एखाद्या बांधीव रचनेच्या वाचनासारखे वाटते. खोलताना तिचा शब्द न् शब्द सुटा होतो आणि कोणता शब्द कशासाठी तिथे होता ते कळते.

चाके काढतानाच पहिली खूण सापडते. उजव्या बाजूचे नट नेहमीसारखे सुटतात. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चाकाच्या फिरण्याने नट ढिला पडू नये म्हणून केलेली ही योजना आहे. ज्याला ती ठाऊक नाही तो पान्याला पाइप लावून जोर करतो आणि स्टड मोडून बसतो. जाणणारा स्टडच्या टोकावरचे अक्षर आधी पाहतो.

मग येतो या रचनेतला मला सर्वांत आवडणारा भाग. बैलगाडीचा आस आपण पाहिलेला असतो: तो स्वतः फिरत नाही, भार घेऊन गप्प राहतो आणि चाक त्याच्यावर फिरते. या ट्रकच्या मागच्या आसात तीच जुनी समजूत कायम आहे. भार पेलते ते बाहेरचे पोलादी हौसिंग. चाकाचा हब त्याच्यावर बेअरिंगांत बसलेला असतो. चाकाला फिरवणारा शाफ्ट आत पोकळीतून जातो आणि त्याच्यावर गाडीचे काडीचेही ओझे नसते. हबच्या तोंडावरचे बोल्ट काढले, तर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, जॅक न लावता, तो शाफ्ट तलवार म्यानातून ओढावी तसा बाहेर येतो. वाहणारा वेगळा, वळवणारा वेगळा. शाफ्ट मोडला तरी चाक जागचे हलत नाही. युद्धाच्या वाटेवर याचा अर्थ काय होता, ते वेगळे सांगायला नको.

मागच्या दोन आसांना स्प्रिंगच्या पाट्यांशी यू-बोल्टने आवळलेले नाही, हेही इथेच लक्षात येते. पाट्यांची जुडी उलटी, मधल्या खुंट्यावर तोललेली. तिची टोके आसांवरच्या बैठकीत सरकती बसतात. आसाला पुढे-मागे पळू न देण्याचे काम टॉर्क रॉड करतात. त्यामुळे एक आस दगडावर चढला की दुसरा खाली दबतो आणि भार दोघांत वाटला जातो. सर्वांत मागच्या आसाकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मधल्या आसाच्या डोक्यावरून जातो, तिथे त्याला बेअरिंगचा टेकू दिलेला आहे. आस बदलताना हा टेकू आडवा येतो, आणि प्रत्येकजण त्याच्यावर चिडतो. माझ्या मते मात्र ती चालच सुंदर आहे: मधल्या आसाने स्वतःचे काम करता करता शेजाऱ्याचा शाफ्टही खांद्यावर घेतलेला असतो.

पुढचा आस यापेक्षा अवघड. त्याला चाके फिरवायचीही आहेत आणि वळवायचीही. साध्या जॉइंट क्रॉसने हे नीट होत नाही, कारण तो कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकाच फेरीत दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. स्टिअरिंगच्या हाताला ते धक्के जाणवतात. म्हणून पुढच्या चाकांशी समगती सांधे बसवले. काही गाड्यांत र्झेपा पद्धतीचे, काहींत बेंडिक्स-वाइस पद्धतीचे. र्झेपाच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या असतात. चाक कितीही वळो, त्या गोळ्या दोन शाफ्टांमधला कोन बरोबर निम्म्याने वाटून घेणाऱ्या पातळीतच राहतात. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन तो सांधा हातात घेतला आणि हळूहळू वाकवला, म्हणजे त्या गोळ्यांची चाल पाहत बसावेसे वाटते. एवढी नितळ लय लोखंडात क्वचितच भेटते.

आता मूळ पेच. स्प्लिटच्या जागी बँजो घालावा का? स्प्लिट देखणा आहे, भरीव आहे. पण त्याच्या क्राउन-पिनियनपर्यंत पोचायचे तर सगळा आस गाडीखालून काढून मधोमध उघडावा लागतो. बँजो दयाळू आहे. शाफ्ट ओढून घेतले की गिअरांचा संच समोरून बाहेर येतो, आस जागच्या जागी राहतो. मला स्प्लिट पाहायला आवडतो, पण माझ्या हातून दुरुस्ती व्हायची असेल तर मी बँजो मागेन. मात्र एक आस इकडचा आणि दोन तिकडचे अशी जुळवाजुळव करताना कंस, फ्लँज, शाफ्टची लांबी, ब्रेकच्या नळ्या, काहीच गृहीत धरता येत नाही. सगळे मोजावे लागते.

आणि या सगळ्याच्या वर गिअरांचे प्रमाण. दोन्ही घराण्यांत ते ६.६ ला १ आहे: शाफ्टच्या ६.६ फेऱ्यांना चाकाची एक. मागच्या दोन आसांमध्ये फरक शोषून घेणारा डिफरेन्शियल नाही. दोघे एकमेकांशी पक्के बांधलेले आहेत. पुढचा जोर लावला की तिसराही त्यात येतो. म्हणून तिन्ही आसांचे वृत्त एकच हवे. एका चरणात मात्रा वाढली, तर चिखलात चाके घसरून ती सावरून घेतील, पण कोरड्या डांबरावर शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात, टायर झिजतात आणि अखेर कुठला तरी दात तुटतो. दुसऱ्याच ट्रकचा, वेगवान प्रमाणाचा एकच आस बसवायचा मोह ज्यांना होतो त्यांना मी हात जोडून सांगेन: बदलायचे तर तिन्ही बदला, आणि टायरही एका मापाचे ठेवा.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मध्ये कुणी आपली ओवी घुसडू नये अशी त्यांची तळमळ होती. जुन्या गाडीच्या बाबतीत मी तितका कडक नाही. युद्धकाळातही निकामी जोडणी अख्खी काढून दुसरी बसवत आणि जुनी मागे मोठ्या कार्यशाळेत धाडत. आसांची अदलाबदल ही या ट्रकच्या चरित्राबाहेरची गोष्ट नव्हेच. माझा आग्रह एवढाच, की केलेला बदल वहीत लिहून ठेवावा. कोणता आस, कुठून आला, कोणत्या तारखेला बसवला. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला कोणता पाठ कुठे सुरू होतो हे समजले पाहिजे.

आस घोड्यांवर ठेवून, प्रॉपेलर शाफ्ट जोडण्याआधी, शेवटची एक तपासणी असते. तिला खडूशिवाय काही लागत नाही. दोन्ही ड्रमांवर एक रेघ, पिनियनच्या फ्लँजवर एक. एकाने डावा ड्रम घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने फ्लँज हाताने फिरवायचा आणि मोठ्याने मोजायचे. एक बाजू अडली की डिफरेन्शियल तिची फेरी दुसऱ्या बाजूला देऊन टाकतो, त्यामुळे उजवा ड्रम दुप्पट वेगाने फिरतो. एकतीस, बत्तीस. आतल्या नव्या तेलाचा मंद आवाज येत असतो. तेहतीस म्हणताना फ्लँजची रेघ वर येते, आणि त्याच क्षणी उजव्या ड्रमवरची रेघ दहावी फेरी पुरी करून तिच्यासमोर येऊन थांबते.